रूप पालटणारे यंत्रमानव आणि प्रौढ संग्राहक : स्मरणरंजनाच्या एका भौतिक इतिहासाचा मागोवा

सारांश

१९८४ साली अमेरिकेत 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विक्रीस आलेली, मोटार, विमान अथवा कॅसेट-प्लेअर यांतून यंत्रमानवात रूपांतरित होणारी खेळणी विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रौढांच्या संग्रहाचा विषय बनली. प्रस्तुत निबंधात या खेळण्यांचा जपानमधील उगम, अमेरिकेतील नामकरण, दूरचित्रवाणीविषयक धोरणाशी असलेला त्यांचा संबंध, १९८६ च्या चित्रपटाचे परिणाम आणि प्रौढ संग्राहकांनी घडविलेली बाजारपेठ यांचा कालक्रमाने आढावा घेतला आहे. जाहिरातीने निर्माण केलेली बालपणाची आठवण खरी मानावी काय, हा या विवेचनाच्या मुळाशी असलेला प्रश्न होय.

सूचक शब्द : स्मरणरंजन, संग्रह, खेळणी, भौतिक संस्कृती, ट्रान्सफॉर्मर्स, उपभोक्ता समाज.

१. प्रास्ताविक

योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द प्रथम वापरला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांच्या जोडणीतून तो सिद्ध झाला असून मायदेशापासून दूर राहणाऱ्यांना जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. मराठीत त्यासाठी रूढ झालेल्या 'स्मरणरंजन' या शब्दात मात्र वेदनेचा मागमूस नाही. तेथे स्मरणाने होणारे रंजन तेवढे आहे. युरोपीय संज्ञेत दुखणे आणि मराठी संज्ञेत सुख, असा हा भेद केवळ भाषिक नाही. जुन्या वस्तू जमविणाऱ्या माणसाच्या मनोव्यापारात या दोन्ही बाजू एकाच वेळी वास करीत असतात.

संग्रहवृत्तीचा विचार पाश्चात्त्य विद्वानांनी विविध अंगांनी केलेला आहे. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिलेला निबंध, सुझन स्टुअर्ट यांचा १९८४ मधील 'ऑन लाँगिंग' हा ग्रंथ, रसेल बेल्क यांचे १९९५ मधील उपभोक्ता समाजातील संग्रहाविषयीचे विवेचन आणि स्वेतलाना बॉइम यांचे २००१ मधील 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' हे पुस्तक या संदर्भात महत्त्वाचे ठरते. बॉइम यांनी स्मरणरंजनाचे दोन प्रकार कल्पिले आहेत : हरवलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे पुनःस्थापक स्मरणरंजन आणि हरवल्याची जाणीव ठेवून त्यावर चिंतन करणारे चिंतनशील स्मरणरंजन. पुढील विवेचनात या भेदाचा उपयोग केला आहे.

२. जपानी उगम

टोकियोमध्ये १९५५ साली स्थापन झालेली ताकारा ही कंपनी या खेळण्यांची खरी जन्मदात्री होय. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीच्या 'जी. आय. जो' या सैनिकी बाहुल्याचा परवाना घेऊन ताकाराने जपानमध्ये तशा बाहुल्या विकल्या. पुढे त्याच शरीररचनेवरून १९७२ साली 'हेन्शिन सायबॉर्ग' ही पारदर्शक देहाच्या यंत्रमानवांची मालिका निघाली. १९७३ च्या तेलसंकटामुळे प्लॅस्टिक महागले आणि सुमारे तीस सेंटीमीटर उंचीचे बाहुले परवडेनासे झाले. १९७४ साली आलेल्या 'मायक्रोमॅन' मालिकेतील बाहुल्यांची उंची सुमारे दहा सेंटीमीटरवर आली. कच्च्या मालाच्या टंचाईने खेळण्याचा आकार ठरविला आणि आकाराने पुढे कथा ठरविली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

१९८० साली सुरू झालेल्या 'डायक्लोन' मालिकेत मोठ्या यंत्रमानवाच्या आत बसणारे चिमुकले चालक होते. त्यांच्या पायांत लोहचुंबक बसविलेले असत. १९८२ पासून या मालिकेत खऱ्याखुऱ्या मोटारींची हुबेहूब प्रतिकृती असलेले आणि उलगडून यंत्रमानव होणारे नमुने आले. ओनो कोजिन हे या नमुन्यांच्या प्रमुख आरेखकांपैकी एक होते. पुढे 'मॅक्रॉस' मालिकेमुळे ख्यातकीर्त झालेले कावामोरी शोजी यांनीही डायक्लोनसाठी आरेखन केले. मायक्रोमॅनची 'मायक्रो चेंज' ही १९८३ मधील उपमालिका याहून वेगळ्या कल्पनेवर आधारलेली होती. तीत घरातील वस्तू मूळ आकारातच यंत्रमानवाचे रूप घेत : कॅसेट-प्लेअर, पिस्तूल, सूक्ष्मदर्शक, मुलांच्या हातातली खेळण्यातली मोटार इत्यादी.

या दोन्ही मालिकांतील यंत्रमानवांना स्वतःचे व्यक्तिमत्त्व नव्हते. डायक्लोनमधील यंत्रे माणसांनी चालवावयाची होती. पुढे अमेरिकेत ज्याला 'ऑप्टिमस प्राइम' हे नाव मिळाले तो मालमोटारीचा नमुना जपानमध्ये 'बॅटल कॉन्व्हॉय' या नावाचे केवळ एक वाहन होते.

३. अमेरिकेतील नामकरण आणि दूरचित्रवाणी

१९२३ साली पोलंडमध्ये जन्मलेले, नाझी छळछावण्यांतून बचावलेले आणि युद्धानंतर अमेरिकेत खेळण्यांच्या व्यवसायात नावारूपास आलेले हेन्री ओरेन्स्टाइन यांनी या जपानी खेळण्यांचे मोल ओळखून हॅस्ब्रो आणि ताकारा यांच्यात करार घडवून आणण्यात पुढाकार घेतला. १९२३ मध्येच ऱ्होड आयलंड राज्यात स्थापन झालेल्या हॅस्ब्रोने डायक्लोन व मायक्रो चेंज या दोन भिन्न मालिकांतील नमुने एकत्र करून १९८४ साली ते एकाच नावाखाली बाजारात आणले.

नमुने एकत्र आले तरी त्यांना जोडणारी कथा नव्हती. हे काम मार्व्हल या चित्रकथा प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेकडे सोपविण्यात आले. जिम शूटर यांनी मूळ कथासूत्र आखले. डेनिस ओ'नील यांनी ऑप्टिमस प्राइम हे नाव सुचविले. बहुतेक पात्रांची नावे व स्वभाववर्णने बॉब बुडियान्स्की यांनी अवघ्या काही दिवसांत लिहिली. 'मेगाट्रॉन' हे नाव फार भीतिदायक आहे, असा आक्षेप प्रथम घेण्यात आला होता. खलनायकाचे नाव भीतिदायकच असावयास हवे, हा बुडियान्स्की यांचा युक्तिवाद अखेरीस मान्य झाला. खोक्याच्या मागील बाजूस छापलेली ही संक्षिप्त चरित्रे आणि तांबड्या पारदर्शक पट्टीतूनच वाचता येणारे गुणांचे आलेख यांमुळे निर्जीव वाहन 'कोणीतरी' झाले. मुलाने यंत्र विकत घ्यावे अशी जपानी योजना होती. अमेरिकेत मुलाने सोबती घरी न्यावा अशी योजना झाली.

यंत्रमानव स्वतःच सजीव ठरल्यामुळे चालकाची गरज उरली नाही आणि डायक्लोनचे चिमुकले चालक अमेरिकी खोक्यांतून वगळले गेले. साचे मात्र जुनेच राहिले. परिणामी अनेक मोटारींची दारे उघडत, आत आसनही असे, पण त्यावर बसणारे कोणी नसे. हे रिकामे आसन कशासाठी, याचा उलगडा त्या वेळच्या मुलांना होणे शक्य नव्हते. तो त्यांच्यापैकी काहींना प्रौढपणी झाला.

या खेळण्यांच्या प्रसाराला त्या काळातील प्रशासकीय धोरण पोषक ठरले. १९६९ साली 'हॉट व्हील्स' या खेळण्यातल्या मोटारींवरील कार्यक्रमाविरुद्ध अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाकडे तक्रार झाली होती आणि असा कार्यक्रम म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात होय, या मुद्द्यावर आयोगाने प्रतिकूल भूमिका घेतली होती. रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत मार्क फाउलर हे आयोगाचे अध्यक्ष असताना नियंत्रणे सैल झाली आणि १९८४ साली जाहिरातींच्या कालावधीवरील मर्यादाही उठविण्यात आल्या. त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबर रोजी ट्रान्सफॉर्मर्सची सचेत चित्रमालिका सुरू झाली. मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर पुन्हा मर्यादा आल्या त्या १९९० च्या बाल दूरचित्रवाणी कायद्याने. सहा वर्षांच्या या मोकळ्या अवधीत ज्यांचे बालपण गेले, तीच पिढी पुढे संग्राहकांची पिढी ठरली.

१९८५ साली ताकाराने ही खेळणी नव्या नावासह व नव्या कथेसह जपानमध्ये परत नेली. स्वतःच्याच वस्तू तिने परक्या कथेच्या वेष्टनात स्वीकारल्या. ऑप्टिमस प्राइमला मात्र तेथे 'कॉन्व्हॉय' हे मूळ नामाशी नाते सांगणारे नाव कायम राहिले.

४. एका मृत्यूचे परिणाम

८ ऑगस्ट १९८६ रोजी 'द ट्रान्सफॉर्मर्स : द मूव्ही' हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. चित्रपटाच्या पूर्वार्धातच ऑप्टिमस प्राइमसह अनेक परिचित पात्रांचा मृत्यू दाखविलेला आहे. यामागील कारण व्यापारी होते. १९८४ मधील नमुन्यांची विक्री थांबवून नव्या नमुन्यांना जागा करून द्यावयाची होती. मुलांचे या पात्रावर किती प्रेम आहे याची कल्पना त्या वेळी आली नव्हती, असे या मालिकेशी संबंधित लेखक फ्लिंट डिल यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. चित्रपटगृहांत मुले रडली आणि पालकांनी तक्रारी केल्या. हॅस्ब्रोच्याच 'जी. आय. जो' चित्रपटात एका नायकाचा नियोजित मृत्यू ऐनवेळी बदलून त्यास केवळ बेशुद्ध ठरविण्यात आले, तर १९८७ साली ऑप्टिमस प्राइम मालिकेत परत आला.

मालाच्या यादीतून एक नाव वगळण्याचा हा निर्णय मुलांच्या लेखी मात्र मृत्यूच होता. अनेकांचा मृत्यू या कल्पनेशी झालेला तो पहिला परिचय असावा. या दुःखाचे मूळ विक्रीच्या वेळापत्रकात होते म्हणून ते दुःख खोटे ठरते काय? कृत्रिम कारणातून उपजलेली भावना अनुभवणाऱ्याच्या दृष्टीने अस्सलच असते, हे नाट्य व कथा यांच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. तरीही येथे एक अडचण उरते. नाटकाचा प्रेक्षक नाटक पाहतो आहे हे जाणतो. जाहिरात आणि कथा यांतील सीमारेषा मात्र सात वर्षांच्या मुलाला ठाऊक नसते. प्रौढ संग्राहकाला ती ठाऊक झालेली असते. म्हणून त्याच्या प्रेमात पुष्कळदा थोडा संकोच मिसळलेला दिसतो.

५. संग्राहकांची इतिहाससाधना

१९९० च्या दशकाच्या आरंभी या खेळण्यांची लोकप्रियता ओसरली. मार्व्हलची चित्रकथा ८० अंकांनंतर १९९१ मध्ये थांबली. १९९३ च्या सुमारास 'जनरेशन २' या नावाने पुनरुज्जीवनाचा प्रयत्न झाला आणि १९९६ साली प्राण्यांची रूपे घेणाऱ्या 'बीस्ट वॉर्स' मालिकेने नवे यश मिळविले. मालमोटारींऐवजी गोरिला व डायनोसॉर आल्याने जुन्या चाहत्यांत मोठा वाद माजला. मूळ खेळण्यांना 'जनरेशन वन' हे नाव चाहत्यांनी नंतर, मागे वळून पाहताना दिले. १९८४ साली हे नाव अस्तित्वात असणे शक्यच नव्हते. कालखंडाचे नामकरण तो कालखंड संपल्यावरच होते, हा इतिहासलेखनातील नियम येथेही आढळतो.

१९९४ साली इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे 'बॉटकॉन' हा चाहत्यांचा पहिला मेळावा भरला. पुढील वर्षी ईबे या लिलाव-व्यवहाराच्या संकेतस्थळाचा आरंभ झाला आणि माळ्यावर धूळ खात पडलेल्या खोक्यांना जगभर गिऱ्हाईक मिळू लागले. परंतु संग्राहकांचे कार्य खरेदी-विक्रीपुरते सीमित राहिले नाही. त्यांनी साच्यांवरील तारखा व शिक्के ताडून पाहिले, निरनिराळ्या देशांतील खोक्यांची तुलना केली, जपानी सूचीपत्रे मिळवून वाचली आणि डायक्लोन व मायक्रो चेंज यांच्याशी असलेले नाते पाश्चात्त्य चाहत्यांसमोर सविस्तर मांडले. मोटारीतील रिकाम्या आसनाचे कोडे अशा रीतीने सुटले. १९८५ पासून खेळण्यांवर बसविलेली, बोटाच्या उबेने चिन्ह प्रकट करणारी पट्टी ही नकली मालापासून अस्सल माल वेगळा ओळखण्यासाठी होती. तीच आता अस्सलतेची साक्ष म्हणून तपासली जाऊ लागली.

विद्यापीठीय चौकटीबाहेर झालेले हे काम वस्तुनिष्ठ पुराव्याच्या दृष्टीने नाणकशास्त्राशी साम्य दाखविते. ज्या वस्तू टाकून देण्यासाठीच जन्मल्या त्यांचा शिस्तबद्ध इतिहास त्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांनीच सिद्ध केला. बॉइम यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे स्मरणरंजन चिंतनशील झाले. बालपण परत मिळविण्यासाठी निघालेला माणूस, ते बालपण कोणी, कोठे व का घडविले याच्या शोधापर्यंत पोहोचला.

६. प्रौढांसाठी निर्मिती

उत्पादकांनी या नव्या ग्राहकाची दखल उशिरा घेतली. २००० च्या सुमारास ताकाराने व त्यानंतर हॅस्ब्रोने जुन्या नमुन्यांच्या पुनरावृत्ती काढल्या. २००३ साली ताकाराने 'मास्टरपीस' मालिकेतील पहिला कॉन्व्हॉय प्रसिद्ध केला. सुमारे तीस सेंटीमीटर उंचीच्या या नमुन्यात धातूचा मुबलक वापर होता आणि त्याची किंमत मुलांच्या खाऊच्या पैशांत बसणारी नव्हती. १९८४ साली सात वर्षांचे असलेले मूल या वेळी सव्वीस वर्षांचे मिळवते तरुण झाले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मास्टरपीस मालिकेचे वैशिष्ट्य असे की तिचा आदर्श १९८४ चे खेळणे हा नव्हता. मूळ खेळण्याचे हातपाय फारसे हलत नसत आणि पडद्यावरील आकृतीशी त्याचे साम्य बेताचेच होते. मुलाने आपल्या कल्पनेने भरून काढलेली ही तफावत नव्या नमुन्याने साच्यातच भरून काढली. म्हणजेच प्रौढाला विकले गेले ते त्याच्या हातात पूर्वी असलेले खेळणे नसून, ते हातात असताना त्याच्या मनात जे होते ते. स्मरणाची ही दुरुस्त आवृत्ती होय. बॉइम ज्यास पुनःस्थापक स्मरणरंजन म्हणतात त्याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे.

कायद्यानेही स्मरणात फेरफार केला. मूळ मेगाट्रॉन हुबेहूब पिस्तुलाचे रूप घेत असे. खेळण्यातील शस्त्रांवर ओळखचिन्ह सक्तीचे करणारा संघीय कायदा अमेरिकेत १९८८ साली झाला. त्यानंतरच्या बहुतेक अवतारांत हे पात्र रणगाडा वा अन्य वाहन बनले. ज्यांनी मूळ रूप पाहिले आहे आणि ज्यांनी नाही, अशा दोन पिढ्यांची आठवण त्यामुळे भिन्न आहे.

२००६ साली ताकाराचे टोमी कंपनीशी विलीनीकरण झाले. २००७ च्या मायकेल बे दिग्दर्शित चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला मूळ मालिकेतील पीटर कलन यांचाच आवाज देण्यात आला; चेहरामोहरा पालटला तरी आवाज तोच हवा, असा चाहत्यांचा आग्रह होता. २०१९ साली हॅस्ब्रोने १९८६ च्या चित्रपटातील ग्रहभक्षक 'युनिक्रॉन' याचा प्रचंड नमुना आगाऊ नोंदणीच्या तत्त्वावर जाहीर केला. किमान ८,००० ग्राहकांची अट होती व किंमत सुमारे ५७५ डॉलर होती. मुदत वाढवावी लागली, पण अट पूर्ण झाली. २०२४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय खेळणी-सन्मानदालनात ट्रान्सफॉर्मर्सचा समावेश झाला.

७. नश्वरता आणि बंद खोके

संग्राहकाचा खरा प्रतिस्पर्धी बाजार नसून काळ आहे. पांढरे एबीएस प्लॅस्टिक प्रकाशाने व उष्णतेने पिवळे पडते. चकचकीत मुलामा घासून जातो, चिकटचित्रे सुटतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरलेले सोनेरी झाकेचे काही प्लॅस्टिक इतके ठिसूळ होते की नुसते रूपांतर करताना सांध्याशी त्याचे तुकडे पडतात. न हाताळता ठेवूनही ते वाचत नाही. पुरातन वस्तू म्हणजे टिकाऊ वस्तू, या समजास येथे तडा जातो : चार दशकांपूर्वीचे प्लॅस्टिक काही बाबतींत शेकडो वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या भांड्याहून अल्पायुषी ठरते.

यातून संग्राहकांमध्ये दोन पंथ निर्माण झालेले दिसतात. एक पंथ खोके उघडत नाही. व्यावसायिक परीक्षकांकडून प्रत ठरवून घेतलेले खोके पारदर्शक पेटीत कायमचे बंद केले जाते व त्याची किंमत वाढते. दुसरा पंथ खेळणे बाहेर काढतो, त्याचे रूप पालटतो, सांधे झिजवितो. पहिल्याच्या हाती वस्तू अबाधित राहते, पण तिचा धर्म लोप पावतो, कारण रूपांतर न होणारा ट्रान्सफॉर्मर हे केवळ एक मोटारीचे चित्र आहे. दुसऱ्याच्या हाती धर्म टिकतो आणि वस्तू झिजते. मूर्ती संग्रहालयात ठेवावी की पूजेत असावी, हा भारतीय वाचकास परिचित असलेला वाद तत्त्वतः याहून फार निराळा नाही.

८. भारतीय संदर्भ

ज्या काळात अमेरिकी मुलांच्या हाती ही खेळणी आली त्या काळात भारतात उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. परिमाणात्मक निर्बंधांचा शेवटचा टप्पा उठला तो १ एप्रिल २००१ रोजी. मात्र १९८७ साली एमआरएफ व हॅस्ब्रो यांच्या सहकार्यातून स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीने गोव्यातील कारखान्यात उत्पादन सुरू केले. तिने भारतात काढलेल्या जी. आय. जो बाहुल्यांची रंगसंगती अमेरिकी नमुन्यांहून पुष्कळदा वेगळी असे. स्थानिक बाजारपेठेसाठी केलेल्या या बाहुल्यांना पुढे परदेशी संग्राहकांत मोठी मागणी आली. भारतीय मुलांनी मातीत खेळून संपविलेली वस्तू अन्यत्र दुर्मीळ ठेवा ठरली. कोणती वस्तू स्मरणीय ठरावी हे वस्तूवर अवलंबून नसून ती कोणाच्या बालपणात कोणत्या वाटेने आली यावर अवलंबून असते, याचे हे निदर्शक आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ट्रान्सफॉर्मर्सचा इतिहास हा तेलसंकट, परवाना-करार, प्रसारण-धोरण आणि विक्रीचे वेळापत्रक यांनी घडलेला आहे. त्यातून उपजलेले स्मरणरंजन उत्पादकांनी पुन्हा विक्रीस आणले, हेही उघड आहे. परंतु एवढ्यावरून प्रौढ संग्राहकास फसलेला ग्राहक ठरविणे उचित होणार नाही. ज्या पिढीची कल्पनाशक्ती जाहिरातीच्या हाती सोपविली गेली, तिच्यातील काहींनी त्याच वस्तू हाती घेऊन त्यांच्या निर्मितीचा छडा लावला आणि अनामिक आरेखकांना नावे मिळवून दिली.

चालकाविना राहिलेले ते छोटे आसन या संपूर्ण इतिहासाची खूण म्हणून पाहता येते. मुलाला ते दिसत होते, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. प्रौढाला अर्थ कळतो, पण मुलाच्या नजरेने ते आता दिसत नाही. संग्रहाने यांपैकी पहिली उणीव भरून निघते. दुसरी भरून निघत नाही, आणि ती भरून निघणार नाही हे ओळखूनही जपणूक करीत राहणे यातच या छंदाचे रंजन आणि त्याची वेदना एकत्र नांदतात.